लिंडग्रेनच्या खांद्यावरचे डाग

ओफीलिया बॅरिएंटोसला आम्ही मंगळवारी पुरलं. आमच्या पामडेल गावच्या वाळवंटी वाऱ्यात पाद्र्याचं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. विमानांच्या हँगरमधून मी एकटीच गेले होते. वैमानिकांपैकी एकही फिरकला नाही. जिनं यांना वर्षानुवर्षं लहान पोरांसारखे कपडे चढवले, तिच्यासाठी यांच्याकडे एक सकाळ नव्हती! तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही, म्हणून सांगते.

आमचं विमान इतर विमानांच्या दुप्पट उंच जातं. आत प्रवासी नाहीत, नुसती यंत्रं. कुठलं ओझोन मोजतं, कुठलं वणव्याचा धूर तपासतं. पुढे एकटा वैमानिक. तिथली हवा इतकी विरळ, की काही बिघडलं तर अंगावरच्या जाड, फुगणाऱ्या पोशाखावरच जीव वाचायचा. तो पोशाख शिवायचा, चढवायचा, उतरवायचा, हे माझं आणि ओफीलियाचं काम.

ती आधी शाळेच्या बँडचे गणवेश शिवायची. नवरा सोडून गेला आणि पोट भरायला इथं आली. आली ती सगळ्यांची लाडकीच झाली. लघवीची नळी लावायची वेळ आली की भलेभले लाजून लाल व्हायचे. ही छताकडे बघत विचारायची, "आईची तब्येत कशी आहे रे?" संपलं, लाज कुठल्या कुठे पळायची.

"आज मला ओफीलिया हं," प्रत्येकाचं हेच.

"का रे, माझ्या हातांना काटे आहेत?" मी म्हणायची.

"काटे नाहीत, पण तू गळा आवळतेस!"

थॅड लिंडग्रेनवर तिचा विशेष जीव. तसलं काही नव्हतं, उगाच भलते अर्थ काढू नका. नाताळात ती मक्याच्या सालात उकडलेले तमाले करायची, त्यातले सगळ्यात तिखट त्याच्यासाठी बाजूला ठेवायची, एवढंच. पन्नाशी उलटली होती त्याची. बायको, मार्लिस, कधीची मागे लागली होती, आता पुरे कर म्हणून. हा म्हणायचा, "उडणं थांबलं की मी सोफ्यावर बसल्या बसल्या मरेन."

एका वर्षी वसंतात खाली उतरल्यावर त्याचा गुडघा असह्य दुखला. विरळ हवेत रक्तात बुडबुडे होतात, त्याचं ते दुखणं. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर उडणं कायमचं बंद. मग उन्हाळ्यात डोंगरात वणवे पेटले आणि धूर मोजायला उड्डाणांवर उड्डाणं सुरू झाली. एका दुपारी तो उतरला. आम्ही दोघींनी पोशाख सोडवला, आतला सदरा काढला, तर खांद्यापासून छातीपर्यंत जांभळे डाग, जाळीसारखे पसरलेले. त्याच बुडबुड्यांची खूण ती.

"शिवण घासली असेल," तो म्हणाला.

"शिवण मी घातलीय, थॅड. तिथं शिवण नाही."

"ओफीलिया, हा हंगाम होऊ दे. मग मी आपणहून सोडतो, शपथ. तू काही पाहिलं नाहीस."

कपड्यांच्या खोलीत दिसलेलं बाहेर न्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वैमानिक आभाळाला भीत नाहीत तेवढे डॉक्टरला भितात. मी तिला कोपऱ्यात ओढलं. "अगं, सांगितलंस तर इथं तुझं तोंड कुणी बघायचं नाही."

"आणि पुढच्या वेळी बुडबुडा डोक्यात गेला तर? वर हात चालेनासे झाले तर विमान खाली कोण आणणार, माझी आई?"

ती परत त्याच्यासमोर उभी राहिली. "तू सांग, नाहीतर मी सांगते."

त्यानं शर्ट घातला, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मग सांग," म्हणाला.

ती रडत रडत डॉक्टरांकडे गेली. त्याला तातडीनं, रक्तातले बुडबुडे जिरवायला, दाबाच्या हवेच्या टाकीत घातलं. माणूस वाचला, पण उडणं संपलं. जाताना त्यानं सगळ्यांशी हात मिळवला. तिच्याशी नाही.

त्यानंतर कुणी तिला वाकडा शब्द बोललं नाही. बोलले असते तर मी एकेकाला फाडून खाल्लं असतं. नुसतं म्हणायचे, "आज मला दुसरं कुणी." सगळे. रोज. एकाला मी धरलाच. "अरे मेल्या, ती बोलली म्हणून तो जिवंत आहे!"

"माहीत आहे गं," तो मान खाली घालून म्हणाला. "पण माझीही पाळी येईल ना."

मग ओफीलिया आत बसून हातमोज्यांना ठिगळं लावायची, ऑक्सिजनच्या नळ्या धुवायची. नोकरी संपेपर्यंत हेच. तमाले करणं तिनं सोडून दिलं. मी एकदा मागितले, तर म्हणाली, एकटीसाठी कोण एवढा घाट घालणार.

ती निवृत्त झाल्यावर एकदा आम्ही दोघी बाजारात गेलो, तर टोमॅटोंपाशी थॅड आणि मार्लिस उभे. गडी टुणटुणीत होता, गालांवर लाली. मार्लिसनं ओफीलियाला घट्ट मिठीच मारली.

"अगं, किती वर्षांनी! बघ, कसा ठणठणीत आहे! मी म्हणायची ना, सोड ते विमान. शेवटी ऐकलंन माझं. एक दिवस घरी आला आणि म्हणाला, मार्लिस, तुझ्यासाठी सोडलं. बाई, मी रडले गं त्या दिवशी!"

थॅड टोमॅटो निवडत राहिला. वर बघायला तयार नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं, तेवढ्यात ओफीलियानं माझा दंड असा दाबला की बोटं उमटली.

"बरं केलंन," ती मार्लिसला म्हणाली. "नशीबवान आहेस."

गाडीत बसल्याबरोबर मी तिच्यावर भडकले. "मला बोलू का दिलं नाहीस? तो लबाड तिथं खुशाल उभा!"

"तिला वाटतंय तो तिच्यासाठी थांबला. वाटू दे की. तिच्या सुखात आपण कशाला माती कालवायची?"

पट्टा लावायला गेली आणि तिला तो लावताच येईना. मीच लावून दिला.

"पण कशी आहेस, एवढं तरी विचारायला हवं होतं गं त्यानं," ती म्हणाली.