विसावं माणूस

मुंबईच्या एका फुटबॉल संघासाठी मी जळगावहून जातो, हे ऐकल्यावर लोक आधी हसतात आणि मग विचारतात, तिथे तुमचं कोण खेळतं? कोणी नाही. माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे, राहतो मेहरूणला, पंचेचाळिशी उलटलीय, डावा गुडघा दुखतो. आयुष्यात चेंडूला मारल्या असतील त्याहून जास्त लाथा मी फटफटीच्या किकला मारल्या आहेत. पण संघ हरला की सोमवारी मी गिऱ्हाइकावर डाफरतो आणि जिंकला की पाइपावर न मागता सूट देतो. दुकानातल्या माणसाला निकाल टीव्हीवर बघावा लागत नाही, माझ्या तोंडावरून कळतो.

आम्ही असे अकरा जण आहोत. एक क्लास चालवतो, एकाचं मेडिकल आहे, दोघं केळीच्या व्यापारात, बाकीचे इकडेतिकडे नोकरीला. मोसमात चार-पाच वेळा गाडी करून चारशे किलोमीटर जायचं, नव्वद मिनिटं बोंबलायचं आणि चारशे किलोमीटर परत यायचं. या गोष्टीचा मला फार माज होता, आता सांगायला हरकत नाही. मुंबईची पोरं स्कूटरवर येतात, गर्दी नको म्हणून सामना संपायच्या आधी उठून जातात. त्यांच्याकडे मी असा बघायचो, जणू त्यांनी देवळात चपला घातल्यात. खरे चाहते आम्ही, आणि हे कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवावं अशी माझी इच्छा होती.

ती संधी आली. संघाच्या समर्थक मंडळाने ठरवलं की बाहेरगावच्या ज्या शाखेची वीस माणसं एका सामन्याला एकत्र हजर राहतील, त्या शाखेचा कापडी फलक पुढच्या मोसमात कायमचा मैदानाच्या कठड्यावर राहील. म्हणजे दर सामन्याला टीव्हीवर ‘जळगाव’ दिसणार. आम्ही फलक आधीच रंगवून घेतला. मग माणसं गोळा करायला लागलो. कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा, कुणाचा भाडेकरू असे करत एकोणीस झाले. विसावा, सामना दोन दिवसांवर आलेला असताना, शुक्रवारी संध्याकाळी म्हणाला, माझ्या सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलंय. मी त्याला वर वर म्हटलं, काळजी घे. मनात त्याच्या सासऱ्यांवर चिडलो होतो.

आणि मला अक्का आठवली.

अक्का माझी सख्खी मावशी. धुळ्याच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत तिचं गाव आहे. कॉलेजची तीन वर्षं मी तिच्याकडे राहिलो. पहाटे उठून ती मला भाकरी बांधून द्यायची आणि मी एसटीने धुळ्याला जायचो. तिचा नवरा, माझे काका, एसटीत ड्रायव्हर होते. मुंबईच्या गाडीवर ड्यूटी लागली की परत आल्यावर ते अंगणात खाटेवर बसून तिला समुद्राबद्दल सांगायचे. पाणी आपणहून मागे जातं आणि आपणहून परत येतं, दिवसातून दोनदा, कुणी सोडत नाही की कुणी अडवत नाही. अक्काला ते पटायचं नाही. ती म्हणायची, पाटाचं पाणीसुद्धा माणूस उभा राहिल्याशिवाय शेतात येत नाही. ते म्हणायचे, तुले एकदा दखाडसू. दाखवीन तुला, हे त्यांचं बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. मग काका गेले, पोरी लग्न होऊन गेल्या, कापसाचं बघायला अक्का एकटी उरली आणि समुद्र राहून गेला.

मी फोन केला. म्हटलं, अक्का, रविवारी समुद्र बघायला येतेस का?  तिने मला दोनदा विचारलं, खरंच का. जाता जाता एक सामना आहे, तोही बघू, असं मी पुढे जोडलं. ज्या क्रमाने सांगितलं तोच क्रम माझ्या मनात असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

रविवारी पहाटे आमची मिनीबस तिच्या गावच्या फाट्यावर पोहोचली तेव्हा ती अर्ध्या तासापासून उभी होती. ठेवणीतलं लुगडं, पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक नारळ. नारळ समुद्राला. सोबत गल्लीतल्या दोघीतिघी पोचवायला आल्या होत्या. तिने गावभर सांगून टाकलं होतं हे तेव्हाच कळलं. ड्रायव्हर नशिराबादचा, बोलका माणूस. अक्काला त्याने पुढची सीट दिली आणि नाशिक येईपर्यंत त्या दोघांची गट्टी जमली. समुद्राचं पाणी पायाला लागलं की चिकट होतं का, हे ती त्याला विचारत होती. मागे आम्ही घोषणा पाठ करत होतो.

बेत असा होता की एकपर्यंत पोहोचायचं, आधी समुद्र, मग पाचचा सामना. कसारा घाटात एक ट्रेलर आडवा झाला आणि आम्ही साडेतीनला मैदानावर पोहोचलो. फलकासाठी चारला आत हजेरी द्यायची होती. मी अक्काला म्हटलं, आधी सामना, मग लगेच समुद्र. ती म्हणाली, बरं. दारावरच्या रक्षकाने नारळ आत नेऊ दिला नाही, कुणीतरी फेकून मारेल म्हणाला. अक्काला ते फार विचित्र वाटलं. नारळ गाडीत ठेवून आली. आम्ही तिला संघाची जर्सी दिली होती, ती तिने लुगड्यावरून घातली आणि वरून डोक्यावर पदर घेतला. सगळ्यांनी तिच्यासोबत फोटो काढले, मीही काढला. फार मजा वाटत होती.

मंडळाचा माणूस यादी घेऊन आला आणि वीस डोकी मोजून गेला. जाताना म्हणाला, दुसऱ्या हाफमध्ये परत मोजणार. मागे एका शाखेची माणसं मोजणी झाली की निघून गेली होती.

पहिला हाफ अक्का शांत बसून होती. गोल झाला तेव्हा सगळे उठले म्हणून तीही उठली. मध्यंतर झालं तेव्हा पावणेसहा वाजत आले होते. ऊन अजून होतं. आणि ड्रायव्हरचा फोन आला. समुद्र इथून तीन किलोमीटरवर आहे, तो म्हणाला, मी बाहेर मोकळाच बसलोय, अक्कांना नेऊन पाऊण तासात परत आणतो. नंतर अंधार पडेल, आणि आठला आपल्याला निघावंच लागेल, सकाळी मला गाडी शाळेला लावायची आहे.

मी फोन हातात धरून उभा होतो. मला सगळं समजत होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की त्या गोंगाटात काही सुचलं नाही. चांगलं सुचलं होतं. ती गेली तर आम्ही एकोणीस. मी ड्रायव्हरला म्हटलं, नको, अक्काच नको म्हणतेय.

अक्काने विचारलं, कोणाचा फोन होता, समुद्राचं काय? मी तिला म्हटलं, आज मोठी भरती आहे, पोलीस किनाऱ्यावर कुणाला सोडत नाहीयेत. 

“म्हंजे पानी खरंच आपले आपले येस?” तिने विचारलं.

मी म्हटलं, हो.

“तुना काका खरं सांगे मंग,” ती म्हणाली आणि समोर मैदानाकडे बघत बसली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. समुद्र नाही तर नाही, नवरा खोटं बोलत नव्हता एवढं तरी कळलं, असं काहीतरी. मला त्या क्षणी तिथून उठून तिला घेऊन जाता आलं असतं. गाडी बाहेर उभी होती. मी उठलो नाही.

दुसऱ्या हाफमध्ये तो मंडळाचा माणूस आला. आमच्या रांगांकडे त्याने लांबूनच एक नजर टाकली, अंगठा दाखवला आणि पुढे गेला. त्याने मोजलंच नाही.

आम्ही जिंकलो. खेळाडू कठड्यापाशी आले, आमच्या फलकासमोर टाळ्या वाजवून गेले. मी रडलो, आणि त्या रडण्यात काही खोट नव्हती, हे आणखीच वाईट. गाडीपाशी आलो तेव्हा अंधार पडला होता. अक्काने पिशवीतून नारळ काढून ड्रायव्हरच्या हातात दिला आणि गाडीपुढे फोडायला सांगितला, लांबचा रस्ता आहे म्हणून. त्याने फोडला. फोडता फोडता सहज म्हणाला, अक्का, मी तर भाऊंना म्हटलं होतं, मी नेऊन आणतो म्हणून. तुम्हीच नको म्हणालात.

सगळे तिथेच होते. मी खाली बघितलं. आता काय होतंय ते होऊ दे, असं वाटलं.

“हा, मीच नही म्हनं,” अक्का म्हणाली. “मना पाय दुखी ऱ्हायंतात.”

आणि तिने खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. मलाही दिला. मी खाल्ला.

परतीच्या वाटेवर ती पुढच्या सीटवर झोपली. मी जागा होतो आणि दर थोड्या वेळाने ठरवत होतो की तिला उठवून माफी मागायची. फाट्यावर ती उतरली, पिशवी घेतली, सांभाळून जा म्हणाली. मी मागितली नाही. माझ्या मागे अठरा जण होते, हे त्या वेळी मला पुरेसं कारण वाटलं.

नंतर महिनाभर मी तिला फोनही केला नाही. फोनवर तिचं नाव दिसलं की मी फोन उलटा करून ठेवायचो. दुकानात मित्र फलकाबद्दल बोलायला लागले की मी पाइपाचे तुकडे मोजायला आत जायचो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र तिच्याकडे जाणं चुकवता येत नाही. आखाजीला पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघर खापरावर मांडे होतात. मी पोहोचलो तेव्हा अक्काच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या आणि मध्ये बसून अक्का सांगत होती. काय सांगत होती ते दारात चप्पल काढतानाच ऐकू आलं. पाणी कसं पार आभाळापर्यंत होतं, कसं मागे गेलं, कसं पुढे आलं. काकांच्या तोंडून ऐकलेलं सगळं ती स्वतःचं म्हणून सांगत होती, शब्दसुद्धा त्यांचेच. एकीने विचारलं, चाखून बघितलं का? अक्का म्हणाली, बोट बुडवून बघितलं, खारं आहे.

शेजारचे नाना ओट्याच्या कडेला तंबाखू मळत बसले होते. गावाच्या ग्रुपवर मी टाकलेला अक्काचा जर्सीतला फोटो त्यांनी पाहिला होता. ते हसत म्हणाले, फोटोत तर नुसता फुटबॉलच दिसतो, समुद्र काही दिसत नाही.

अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने सरळ नानांना उत्तर दिलं.

“मना पोऱ्या माले लई गयथा. तो काय मन्हाशी खोटं बोलीन? ईचारा त्याले.”

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, हो नाना, दाखवला. तासभर होतो आम्ही तिथे. तासभर हे कुणी विचारलंही नव्हतं.

मांडे झाले, रस झाला, बायका उठून गेल्या. अक्का चुलीपाशी खापर निवत ठेवत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, अक्का, त्या दिवशी भरती नव्हती. मला एक माणूस कमी पडत होतं. ती म्हणाली, तिला ते ड्रायव्हर बोलला तेव्हाच कळलं होतं. मग गावात असं का सांगितलंस, मी विचारलं. ती म्हणाली, मी पहाटे उतरले तर गल्लीत सगळ्या विचारायला उभ्या. भाच्याने नेलं आणि दाखवलं नाही, असं कोणत्या तोंडाने सांगणार? तुझंच नाव जाईल.

 मी घाईघाईने म्हटलं, पुढच्याच आठवड्यात जाऊ. आपण दोघंच. सामना नाही, काही नाही, फक्त समुद्र. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसू.

तिने हातावरचं पीठ झटकलं. रागावलेली नव्हती. एखादं काम का होणार नाही हे समजावून सांगावं तसं तिने सांगितलं.

“आते कसाले? बठ्ठा गावले सांगेल शे, मी दखी उनू. आते परत गयू ते ईचारतीन, मांगे काय दखं व्हतं?”

बघून आले असं सगळ्या गावाला सांगितलंय, आता परत कशी जाऊ, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, कुणाला न सांगता जाऊ. ती हसली. तिच्या गावातून कुणाला न सांगता फाट्यापर्यंतही जाता येत नाही, हे मला तीन वर्षं राहून माहीत होतं.

थोड्या वेळाने तिने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज बारीक करून विचारलं,

“मी खारं सांगी टाकं. खारंच ऱ्हास ना रे?”

मी म्हटलं, हो अक्का, खारंच असतं.