ओल्या जमिनीवरचे साहेब
शेणाचा ओला वास आला की मला गावच्या हायस्कूलची सुरुवात आठवते. वर्गासाठी भाताचं रिकामं कोठार मिळालं होतं. तपासणीच्या साहेबांना ते पसंत पडलं नसतं, तर हायस्कूल लांब, तालुक्याला कर्जतलाच राहिलं असतं आणि सातवी झालेली माझी लेक घरी बसली असती. आम्ही बायकांनी सकाळी जमीन सारवली आणि साहेब नेमके लवकर आले, बुटांसकट आत निघाले. मी दार अडवलं. "थांबा, जमीन ओली हाय!" मास्तर घाबरून कुजबुजले, "वहिनी, साहेब आहेत ते!" "मग काय, उडत जातील?" साहेब हसले, बाहेर दगडावर बसून चहा प्यायले आणि जमीन वाळल्यावर बूट काढून आत गेले. आठवी मंजूर झाली. आता तिथे लाद्या आहेत. लेक तिथेच शिकवते, आणि पुसलेल्या लादीवर हेडमास्तरांनाही पाय ठेवू देत नाही.