कुंदासाठी काढलेले कंद

तव्यावर कळण्याची भाकरी टाकली, तोच मागच्या दाराची कडी वाजली. दारात उखर्डू आबा. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं केळीचं पान तान्हं मूल धरावं तसं धरलेलं.

ब्याण्णव सालची गोष्ट. आबा म्हणजे आमच्या सावद्याच्या आळीतले केळीच्या कंदांचे जाणकार. बाग लावायचा तर कंद आबांनी निवडलेला हवा. बाकी आयुष्य साधंच. दोन एकर, एक बैलजोडी, पहूरला दिलेली एक लेक, कुंदा. कंद दाबून, हुंगून बघायचे; नाही पटला तर मालकाला म्हणायचे, "याच्यापेक्षा मुळे लाव."

"सूनबाई, तू कॉलेजात झाडपाल्याचं शिकली ना? हे पहाय."

पानावर फिक्या पिवळ्या रेघा होत्या. हरण्या रोग, केळीवरच्या विषाणूचा. तो आबांनी माझ्याआधी ओळखला होता. विचारायचं वेगळंच होतं.

"याच ओळीतले कंद कुंदासाठी काढले. पहूरले तिचा पहिला बाग. कंद तर नंबरी दिसतात. रोग असीन का त्यात?"

"असू शकतो, आबा. दिसणार नाही."

"मले दिसत नाही असं कंदात काय असतं?"

मी भाकरी उतरवली, पाट दिला आणि आठवेल तसं सांगू लागले. विषाणू म्हणजे एक धागा आणि त्यावर टरफल. धाग्यात त्याचं सगळं बेणं. झाडात शिरला की झाडाकडूनच तो नवे धागे आणि टरफलाचे तुकडे करवून घेतो. आत झाडाचे स्वतःचेही धागे असतात, ढिगानं. त्या गर्दीत ते तुकडे विषाणूचाच धागा ओळखतात, त्याला बिलगतात, भोवती गोल बसत जातात. हरण्याचे तर धागे तीन, वेगवेगळ्या टरफलांत भरलेले. तिन्ही पोचले तरच रोग धरतो.

"भरतं कोन?"

"कोणीच नाही. आपोआप."

आबा हसले. "आपल्या स्टेशनावर हमाल, वर मुकादम, तरी माहे घड शेजाऱ्याच्या वॅगनीत. अन् हे बिनडोळ्याचं ओळखतं कशावरून?"

"थोडं ओढीनं. लोहचुंबकासारखं समजा. पण नुसत्या ओढीनं झाडाचे धागेही चिकटले असते. पुढचं अजून शोधताहेत लोक."

आबांनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. मीही बघत राहिले. परीक्षेसाठी घोकलेलं ते सगळं त्या रेघांच्या आत, आत्ता, माझ्या ओट्यापाशी चाललेलं होतं. अंगावर काटा आला.

"इतकं बारीक," आबा हळूच म्हणाले, "अन् इतकं नेमकं."

दूध उतू जायला आलं तेव्हा आम्ही भानावर आलो. आबांनी पान पुन्हा फडक्यात बांधलं, गाठ दोनदा ओढली.

"ते कंद लावायचे नाही, खड्ड्यात पुरून टाकतो. पन कुंदा म्हनीन, बापानं साऱ्या गावाले दिले, लेकीलेच नाही. मी सांगून तिले पटायचं नाही." ते उठले. "सोमवारी पहूरले माह्यासंगं चाल, सूनबाई. मले सांगितलं तेच तिले सांग."