आइसबॉक्समधलं एकच सॅम्पल

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. पिरंगुटच्या एका लॅबसाठी मी घरोघरी जाऊन रक्त गोळा करतो. ट्यूबमध्ये दिसतं तेवढंच खरं मानणारा माणूस... त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

गेल्या वर्षी सकाळी सात वाजता भरे गावात कमलमावशींकडे गेलो. त्यांची हाडं दुखायची, म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासायला सांगितलं होतं. हे सॅम्पल बर्फात ठेवून लगेच आणावं लागतं, म्हणून त्या फेरीत माझ्या आइसबॉक्समध्ये तेवढं एकच होतं. मावशींकडून नाव वदवून घेतलं, रक्त काढलं, लेबल तिथेच लावलं. त्यांचे यजमान, आप्पा, शेजारी खाटेवर डुलक्या घेत होते.

दुपारी रिपोर्ट आला आणि मी हादरलोच. दहाच्या आसपास असायला हवं ते कॅल्शियम चौदाच्या वर, हार्मोनही भलतंच वाढलेलं. अशाने माणूस बेशुद्ध पडतो, हृदय बंद पडू शकतं... आणि मावशींनी तर मला उभ्या उभ्या चहा करून पाजला होता! दंडावरचा पट्टा जास्त वेळ आवळला तर कॅल्शियम जरा चढं येतं, पण इतकं नाही. तरी लॅबच्या सरांनी मलाच झापलं आणि परत पाठवलं.

दुसऱ्यांदा रक्त काढून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "आता ह्यांचं बी घे रं. लई पाणी पित्यात, दिसभर झोपत्यात. दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येत्यात."

आप्पांच्यात आज नाही म्हणायचंही त्राण नव्हतं.

मावशींचं सगळं नॉर्मल आलं. आप्पांचे आकडे मात्र सकाळच्या सॅम्पलसारखेच! सरांनी सकाळची उरलेली ट्यूब काढून रक्तगट तपासला. मावशींचा ओ, आप्पांचा बी. ट्यूबमधलं रक्त — बी. सुई मी मावशींच्या हाताला टोचली होती.

आप्पांना त्याच संध्याकाळी पुण्याला ॲडमिट केलं. पुढे गळ्यातली वाढलेली पॅराथायरॉइड ग्रंथी काढली आणि ते वाचले.

मावशींना मी सगळं सांगितलं. त्यांना काहीच नवल वाटलं नाही.

"सुई टोचलीस तवा मनात म्हटलं, माझं काय बी असू दे, ह्यांना काय झालंय ते कळू दे."

सरांनी रजिस्टरमध्ये 'सॅम्पल अदलाबदल' लिहून विषय संपवला. खाली मी सही केली. पण अदलाबदल कशाशी, ते मला आजही सांगता येत नाही... डब्यात दुसरं सॅम्पल नव्हतंच.