हिरडीला लावलेलं बोट

निमोण्याच्या रतनबाईंनी भाजलेल्या मिश्रीला आळीत तोड नव्हती. तव्यावर तंबाखू नेमकी कुठवर काळी होऊ द्यायची, ते त्यांच्या नाकालाच कळायचं. कांदे काढायला निघालेल्या बायका दारात थांबून डबी पुढं करायच्या.

त्याच रतनबाई अलीकडं तोंडाला पदर लावून बोलत. तोंडाला वास मारी, पुढचे दात हलत. लेकानं आणलेल्या ब्रशनं रक्त येई, म्हणून तो त्यांनी टाकून दिला आणि मिश्री वाढवली. तेवढ्यापुरतं बरं वाटे.

शेवटी सून अनितानं त्यांना शिरूरला दाताच्या दवाखान्यात नेलं.

"आजी, मिश्री लावता?" डॉक्टर पूनमनं विचारलं.

"न्हाई बा."



पूनमनं हातात आरसा देऊन दातांमागचा काळा थर दाखवला. रागावली नाही, समजावत गेली. दाताच्या मुळाशी किटण साचून दगडासारखं होतं, हिरडी सुजते, आतलं हाड झिजतं. मिश्रीनं हिरडी बधिर होते, आजार मात्र आत चालूच राहतो. रक्त आलं तरी घासणं सोडायचं नाही, मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासायचं. किटण काढून मिश्री सोडली तर दात टिकतीलही. झिजलेलं हाड काही परत यायचं नाही.

मग तिनं अनितालाही खुर्चीत बसवलं. हिरड्या लालभडक, जागोजागी रक्त.

"तुमचं वेळेत कळलं. घरातून मिश्री गेली तर पूर्ण बरं होईल. कधीपासून लावता?"

रतनबाईंनी पदर तोंडावर ओढला. अनिता नवी नवरी असताना तिची दाढ ठणकली, तेव्हा मिश्रीचं पहिलं बोट त्यांनीच तिच्या हिरडीला लावलं होतं.

"माहेरापासनं," अनिता म्हणाली.

पोरीनं सासूचं झाकलं होतं. घरी येईपर्यंत रतनबाईंना तिच्याकडं मान वळवून बघवेना.

सकाळी शेजारची दगडाबाई डबी घेऊन आली. आता भाजायची न्हाई, असं रतनबाईंनी सांगितलं.

"का गं, सुनेनं तव्याला कुलूप घातलं व्हय?"

"तिनं न्हाई. म्याच."

दगडाबाई फणकाऱ्यानं गेली. रतनबाई नवा ब्रश पदराआड धरून मोरीपाशी आल्या.

"अनिता, कसा धरायचा दाव मला. पन आधी दार लोट."