नव्या गाडीतून दर्शन

पन्नाशी उलटल्यावर मी रेसिंगच्या ट्रॅकवरही पळवता येईल अशी दोन सीटची, वजनाला हलकी गाडी घेतली. वेगासाठी हिच्यातून अनावश्यक ते सगळं काढून टाकलंय, असं शोरूमवाला सांगत होता आणि मी पोट आत ओढून ऐकत होतो.

आमच्याकडे नवी गाडी आधी गणपतीला जाते, घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून. बायकोने आणि मी आईला त्या खोलगट सीटमध्ये अक्षरशः ओतलं. देवळापाशी मात्र तिचे गुडघे उठेनात.

"राहू दे रे, इथूनच हात जोडते."

"दिसतोय का गं देव?"

"चपला दिसतायत सगळ्यांच्या."

मला हसू आलं. वेगाच्या नादात माणूस किती खाली येऊन बसतो, असा थोर विचारही मनात येऊन गेला. तिला उचलून पायरीपर्यंत न्यायला पाच मिनिटं लागली असती. पण दहा वाजता ट्रॅकवर माझी वेळ होती. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. बहुधा माझ्यासाठीच काही मागत असावी. तिचं मागून होण्याआधीच मी गाडी सुरू केली.