काचेवरून पुसलेले तीन ठिपके

यंदा बारामतीतल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात, पेन्शनच्या तक्रारी संपून जेवणं सुरू झाल्यावर, गावोगावी घिरट्या घालणाऱ्या ड्रोनचा विषय निघाला. सुप्याकडच्या एका निवृत्त हवालदारानं शेजारच्या टेबलाकडं बघून आवाज चढवला, "आपल्या सायबांना इचारा की! त्यांची जुनी वळख हाय वरच्यांशी. व्हय का न्हाय, सायेब?"

सगळे हसले. साहेबही हसले आणि भात कालवू लागले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. तसं गप्प बसणं मला नवीन नव्हतं.

साहेब इंदापूरचे. तरुणपणी हवाई दलात लढाऊ विमान चालवायचे. एकदा त्यांना आकाशात काहीतरी दिसलं. ते काय होतं हे कुणालाच सांगता आलं नाही आणि त्यानंतर साहेबांचं उडणं बंद झालं. आमच्या भागात ते तेव्हापासून तबकडीवाले साहेब. त्या दिवशी मी त्यांच्याच हवाई तळावर रडारच्या खोलीत होतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. मी तिथं काय केलं, हे कुणालाही ठाऊक नाही.

माझं काम काचेमागं उभं राहण्याचं. खोलीच्या मध्यभागी माणसाहून उंच काच होती, तिच्यावर नकाशा आखलेला. रडारच्या पडद्यासमोर बसलेला जोडीदार दिशा आणि अंतर सांगायचा आणि मी मेणाच्या पेन्सिलीनं काचेवर ठिपका मांडायचो. पुढं बसलेल्या अधिकाऱ्यांना सुलट वाचता यावं म्हणून आम्ही मागून आकडे उलटे काढायचो. सवय अशी जडली होती की घरी पत्र लिहितानाही हात अडखळायचा.

त्या दुपारी जोडीदारानं एकाच वस्तूची पाठोपाठ तीन ठिकाणं सांगितली. आपलं कुठलंच विमान तिथं असायला नको होतं. साहेबांचं विमान जवळ होतं, पण त्याचा ठिपका वेगळा. मी तिन्ही ठिपके मांडले. ओळख न पटलेल्या ठिपक्यांना क्रमांक देऊन वर कळवायचं आणि उलगडा होईपर्यंत पाळीवरच्या कुणीही तळ सोडायचा नाही, असा आमच्याकडं नियम होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझी रजा होती. पणदऱ्यात बहिणीचं लग्न होतं आणि आधी दोनदा रजा नामंजूर झाली होती. अधिकारी पाठमोरे, फोनवर बोलत होते.

"पाखरं असतील," मी जोडीदाराला म्हणालो आणि फडकं फिरवलं. तो माझ्याहून कनिष्ठ, काही बोलला नाही. आता तो हयात नाही. दोष वाटून घ्यायलाही कुणी उरलेलं नाही.

मिनिटभरात साहेबांचा आवाज आला. डाव्या हाताला लांबट काहीतरी आहे, पंख दिसत नाहीत, रडारवर काही येतंय का? अधिकारी वळले, काचेकडं पाहिलं. काच स्वच्छ. "काही नाही," त्यांनी कळवलं. मी फडकं हातात धरून मागं उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं.

त्याच संध्याकाळी चौकशीत मी लेखी जबाब दिला, की वैमानिकानं विचारलं तेव्हा काचेवर खूण नव्हती. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. रडारवर काही नव्हतं म्हटल्यावर मला अडवायचं कारणच उरलं नाही. मी लग्नाला पोचलो, पंगतीत बुंदी वाढली. तिकडं साहेबांचे डोळे तपासले, मग डोकं तपासलं, मग त्यांना कायमचं टेबलाच्या कामाला बसवलं.

मेळाव्यानंतर चार दिवसांनी मी एसटीनं इंदापूरला गेलो. साहेब अंगणात ठिबकची नळी जोडत बसले होते.

"बसा तात्या."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच विचारलं, "तीन? नक्की तीन?"

"तीन. उत्तरेकडं सरकत होतं. तुमच्याहून वेगात."

त्यांनी नळी खाली ठेवली.

"मी शेवटी लिहून दिलं होतं," ते म्हणाले, "की विमानाच्या काचेवर ऊन चमकलं. लिहून दिलं तर परत उडू देतील, असं वाटलं. नाही उडू दिलं. आणि इतक्या वर्षांत मलाच ते खरं वाटायला लागलं. बायको विचारायची, दिसलं होतं ना हो? ती जाईपर्यंत मी ऊनच म्हणत राहिलो."

मी माफी मागितली.

"ते आज माझ्याच्यानं होणार नाही," ते म्हणाले.

"पुढच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगू?"

"तिथं हसतील. लिहा. मी सही करून दिलं ते खोटं होतं, तेही लिहा. तुमच्या एकट्याचं नको."

म्हणून हे लिहिलं. ती वस्तू काय होती, मला माहीत नाही. हवामानाचा फुगा असेल, दुसरं काही असेल. मी पुसलं नसतं तर कदाचित त्याच आठवड्यात उलगडा झाला असता. ती होती, एवढंच मी सांगू शकतो.

लिहिलेला कागद दाखवायला परत गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि बोट ठेवून म्हणाले, "इथं एक राहिलं. खाली ढग होते आणि ढगांवर त्याची सावली पळत होती. मी स्वतः पाहिली. हे मी तेव्हाही कुणाला बोललो नव्हतो. लिहा."

मी त्यांच्यासमोरच लिहिलं.